‘वर्तणूक समाधानकारक’

मागच्या अंकात एका पत्राला उत्तर देताना मी सहज लिहून गेले की, फाशीची शिक्षा झालेला माझा एक अशील तुरुंगात बी.ए. झाला आणि पुढे त्याची फाशी जन्मठेपेवर आली. सहज लिहिलेलं वाक्यच महागात पडतं, हे पस्तीस वर्षं कोर्टात घालवूनही मला कळू नये! संपादकांनी पत्रांचा गठ्ठाच पाठवलाय. त्यातली चार घेते. नव्या वाचकांसाठी माझी ओळख: मूळची कोल्हापूरची, वकिली मुंबईत हायकोर्टात. त्यातली बरीच वर्षं विधी सेवा समितीच्या पॅनेलवर होते, म्हणजे ज्यांना वकील परवडत नाही त्यांची अपिलं चालवायची. फाशीची प्रकरणं त्या वाटेनं माझ्याकडे आली. आता साताऱ्यात असते. गुडघे सोडले तर बरी आहे.

ताई, 1976 साली मी पुण्यात पाचवीत होतो. दिवस मावळला की आई दाराला आतून अडसर लावायची आणि वडील आल्यावरसुद्धा आवाज ओळखल्याशिवाय काढायची नाही. जोशी-अभ्यंकर खून प्रकरण म्हटलं की मला तो अडसर आठवतो. त्या चौघांतल्या एकानं तुरुंगात पश्चात्तापाचं पुस्तक लिहिलं. म्हणून त्याला सोडायला हवं होतं का? आता तुमचा अशील बी.ए. झाला म्हणता. खून करून मग शहाणं झालं की दया, तर हे शहाणपण आधी का येत नाही?
– निवृत्त बँक कर्मचारी, सांगली

तुमच्या आईचा अडसर मला लगेच दिसला. मी तेव्हा कोल्हापुरात कॉलेजात होते आणि पुण्यापासून एवढ्या लांब असूनही आमचे वडील झोपण्याआधी कडी दोनदा बघायचे. 1 डिसेंबर 1976च्या रात्री काशिनाथशास्त्री अभ्यंकरांच्या घरात पाच माणसं मारली गेली. संस्कृतचा एवढा मोठा पंडित, वय नव्वदीला टेकलेलं. करणारे कोण, तर चित्रकलेच्या कॉलेजातली पोरं. एकूण दहा खून. 27 नोव्हेंबर 1983 रोजी चौघांना येरवड्यात फाशी झाली. तुम्ही म्हणता तो मुनव्वर शाह त्यातलाच. त्यानं आत बसून आपली कहाणी लिहिली आणि पुस्तकाच्या नावातच गुन्हा कबूल केला. तरीही फाशी टळली नाही.

आता याच्या शेजारी आणखी दोघांना ठेवून बघा. याकूब मेमन. मुंबईच्या 1993च्या बॉम्बस्फोटांत शिक्षा झालेला. तुरुंगातून इग्नूची एम.ए. पदवी मिळवली. सर्वोच्च न्यायालय पहाटे तीनच्या सुमारास उघडून त्याच्यासाठी सुनावणी झाली आणि काही तासांत, 30 जुलै 2015 रोजी सकाळी, त्याला नागपूरला फाशी झाली. दुसरा महाराष्ट्रातलाच, नाव लिहीत नाही. लहान मुलाला पळवून मारलं, तेव्हा हा बावीस वर्षांचा होता. अठरा वर्षं आत काढली, बी.ए. झाला, कविता लिहिल्या. 20 फेब्रुवारी 2019 रोजी सर्वोच्च न्यायालयानं त्याची फाशी जन्मठेपेवर आणली. कवितांवरून त्याला चूक उमगल्याचं दिसतं, असं निकालपत्रात लिहिलंय.

तिघांत जास्त सुधारलेला कोण? मला सांगता येणार नाही आणि कोर्टालाही सांगता आलं असतं असं मला वाटत नाही. एक गेला, दुसरा गेला, तिसरा राहिला. गुन्ह्यांची जात वेगळी, काळ वेगळा, समोर बसलेले न्यायाधीश वेगळे. सुधारणा तिघांच्याही कागदावर होती. तेव्हा ‘सुधारला म्हणून सुटला’ हे वाक्य तुम्ही समजता तितकं खरं नाही. उलट मला छळणारा प्रश्न हा आहे की, सुधारणा मोजतो कोण आणि कशानं.

कायदा काय म्हणतो, ते आधी सांगते, कारण इथं बहुतेकांचा घोळ होतो. बचनसिंग खटल्यात 1980 साली सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांनी (एकाचं मत विरुद्ध होतं) फाशीची शिक्षा कायद्यात कायम ठेवली, पण दुर्मिळातल्या दुर्मिळ प्रकरणापुरती. आणि सोबत एक अट घातली, जी वर्तमानपत्रांत कधी छापून येत नाही: हा माणूस सुधारण्यासारखा नाही, हे सरकारनं पुरावा देऊन दाखवायचं. ‘मी सुधारलोय’ हे आरोपीनं सिद्ध करायचं नसतं. बोजा सरकारवर. माझ्या सगळ्या प्रॅक्टिसमध्ये सरकारी वकिलानं असा पुरावा दिलेला मी पाहिला नाही. ते फोटो दाखवायचे. फोटो भयंकरच असायचे, त्याबद्दल वाद नाही. पण फोटो गुन्ह्याचे होते. माणसाचं पुढं काय होणार, हे फोटोत येत नाही.

मग तुरुंगाचा कागद यायचा. वर्तणूक अहवाल. मी पहिल्यांदा पाहिलेला अजून डोळ्यांपुढे आहे. छापील फॉर्म, फिकट पिवळा, सायक्लोस्टाइलची शाई फुटलेली. ‘सदर बंद्याची कारागृहातील वर्तणूक ……… आहे.’ टिंबांच्या जागी निळ्या पेनानं एक शब्द: समाधानकारक. अकरा वर्षांच्या कैदेला एक शब्द. दुसऱ्या अपिलातला दुसऱ्या बंद्याचा फॉर्म त्याच टेबलावर होता. त्यातही समाधानकारक. आम्ही पॅनेलवरचे वकील या शब्दाला हसायचो. कॅन्टीनचा चहा कसा आहे, तर समाधानकारक.

त्या पहिल्या फॉर्मवाल्याला मी भेटायला गेले. कोणत्या तुरुंगात ते राहू द्या. तो बोलायचाच नाही. शाळेत न गेलेला, वीटभट्टीवरचा माणूस. विचारलं की मान हलवायचा, कधी हो, कधी नाही, आणि कधी कुठली ते कळायचं नाही. मी कंटाळून उठले. बाहेर पडताना फाशी यार्डाचा हवालदार म्हणाला, ‘‘मॅडम, हा मुका नाय. बाजूच्या कोठडीत एक म्हातारा होता, रात्रीचा खोकायचा, श्वास अडकायचा. हा थाळी गजांवर आपटून आम्हाला उठवायचा. म्हातारा शिव्या द्यायचा, झोपू दे म्हणायचा. तरी आपटायचा. चार-पाच महिने रोज.’’ मी विचारलं, हे कुठं लिहून ठेवलंय का? तो हसला. ‘‘हे कुठं लिहितात?’’ प्रतिज्ञापत्र देतोस का म्हटल्यावर हसायचाही थांबला. नोकरी होती त्याला. अपिलात त्या माणसाची फाशी जन्मठेपेवर आली, पण ती पुराव्यातल्या एका फटीमुळे. थाळीचा उल्लेख निकालात नाही, कारण माझ्या युक्तिवादातच तो नव्हता.

आणि माझा दुसरा अशील, ज्याच्याबद्दल मागच्या अंकात लिहिलं तो बी.ए. झालेला. त्याची फाईल बघण्यासारखी. प्रत्येक प्रमाणपत्र प्लास्टिकच्या पाकिटात. निबंध स्पर्धा, योगाभ्यास, गांधीविचार परीक्षा. पहिल्या भेटीत त्यानं मला कविता ऐकवली, आई आणि पाखरू आणि गज. दुसऱ्या भेटीत पुन्हा तीच. खरं सांगू? मला त्याचा संशय यायचा. ज्या मुलाला त्यानं मारलं होतं त्याचं नाव एकाही कवितेत नव्हतं. तिसऱ्या भेटीत मी सरळ विचारलं, ‘‘त्या पोराबद्दल काही लिहिलंस का रे?’’ तो खाली बघत बसला. भेटीची वेळ संपेपर्यंत एक शब्द नाही. त्यानंतर त्यानं मला कविता दाखवली नाही. काही महिन्यांनी मुक्त विद्यापीठाचा फॉर्म भरला. मला वाटतं त्याची सुधारणा, जी काय असेल ती, त्या गप्प बसण्यात सुरू झाली. पण कोर्टापुढं मी काय ठेवलं? कविता आणि मार्कशीट. कारण ते दाखवता येतं. गप्प बसलेलं दाखवता येत नाही.

आमच्या सगळ्या पद्धतीची गोम इथं आहे. ज्याला लिहिता येतं, ज्याचं अक्षर सुवाच्य आहे, त्याची सुधारणा दिसते. वीटभट्टीवाल्याची दिसत नाही. 2022 साली मध्य प्रदेशातल्या मनोज प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं थोडं ताळ्यावर आणलं: फाशी देण्याआधी प्रोबेशन अधिकाऱ्याचा अहवाल, तुरुंगातल्या वागण्याचा तपशीलवार अहवाल आणि मानसतज्ज्ञाची तपासणी हे सगळं मागवा म्हणून सांगितलं. मी तोवर काळा कोट कपाटात टांगला होता. चार दशकं उशीर, पण झालं.

‘ढोंग करत असेल तर?’ असं पुष्कळांनी विचारलंय. असेलही. सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं तेवढं येत नाही, असं आपण म्हणतोच. आणि एक गोष्ट मी माझ्याच बाजूच्या विरोधात कबूल करते: फाशी यार्डात चांगलं वागणं फार अवघड नसतं. तिथं दारू नाही, पैसा नाही, भावकी नाही, बांधावरून भांडण नाही. ज्या गोष्टींपायी माणूस घसरला त्यातली एकही समोर नाही. त्यामुळे तिथल्या पंधरा वर्षांवरून तो उद्या बाहेर कसा वागेल, याची हमी मी देणार नाही. पण हमी लागते सोडायला. फाशी द्यायला उलटी हमी लागते, की हा काही केल्या बदलणारच नाही. ती हमी कुणी द्यायची? त्या निळ्या पेनानं?

याला आणखी एक टोक आहे, ते ऐकून मी स्वतः दोन दिवस नीट जेवले नव्हते. सर्वोच्च न्यायालयातल्या त्या कवीची (माझ्या अशिलाची नव्हे) फाशी रद्द झाली 2019च्या 20 फेब्रुवारीला. 5 मार्चला, म्हणजे दोन आठवडेसुद्धा झाले नव्हते, त्याच तीन न्यायमूर्तींच्या खंडपीठानं नाशिकजवळच्या 2003 सालच्या गुन्ह्यातल्या सहा जणांना निर्दोष सोडलं. भटक्या जमातीतली माणसं. याच सर्वोच्च न्यायालयानं 2009 साली सहाही जणांना फाशी सांगितली होती. सोळा वर्षं आत. त्यातला एक तर गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन निघाला. प्रत्येकाला पाच लाख रुपये द्या, असं कोर्ट म्हणालं. आता मला सांगा, या सहा जणांनी पश्चात्ताप कसा दाखवायचा होता? जे केलंच नाही त्याची कविता कशी लिहायची? पश्चात्तापावर दया तोलायला लागलो तर निर्दोष माणूस सगळ्यात निर्ढावलेला दिसणार. ‘अजूनही गुन्हा कबूल करत नाही’ असा शेरा पडणार त्याच्यावर.

तेव्हा तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर: ‘सोडायचं का’ हा प्रश्न नव्हताच. मुनव्वरची फाशी जन्मठेपेवर आणली असती तर तो दुसऱ्या दिवशी लक्ष्मी रोडवर फिरला नसता. मी असते तर फाशी दिली नसती. पण पुस्तक लिहिलं म्हणून नव्हे. न लिहिणाऱ्या तिघांनाही दिली नसती. हे तुम्हाला पटणार नाही आणि तुमच्या आईला तर नाहीच, याची मला कल्पना आहे.

आणि शहाणपण आधी का येत नाही? बैल गेला आणि झोपा केला, त्यातलीच गत. झोपा केला म्हणून बैल परत येत नाही, हे तुमचं म्हणणं शंभर टक्के खरं. पण झोपा करणाऱ्याला त्याच झोप्याच्या आढ्याला टांगलं, तरी बैल येत नाहीच.

मॅडम, मी लॉच्या तिसऱ्या वर्षाला आहे. सर्वोच्च न्यायालयानं फाशी कायम केल्यावर दयेच्या अर्जाचा प्रवास नेमका कसा होतो? तिथं सुधारणेला किती महत्त्व असतं? पुस्तकात फक्त राज्यघटनेचं कलम 72 आणि 161 दिलंय.
– विद्यार्थिनी, लातूर

पुस्तकं बरोबरच असतात, फक्त पोस्टाचा रस्ता सांगत नाहीत. अर्ज तुरुंग अधीक्षकामार्फत निघतो. राज्यपालांकडे जातो, म्हणजे प्रत्यक्षात राज्याच्या गृह विभागाकडे. नाकारला की राष्ट्रपतींकडे, म्हणजे प्रत्यक्षात केंद्रीय गृह मंत्रालयाकडे. राज्यपाल आणि राष्ट्रपती मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानं चालतात, हे 1980च्या मारू राम प्रकरणापासून पक्कं आहे. तेव्हा ‘राष्ट्रपतींचं मन द्रवलं’ वगैरे बातमीतलं. फाईल द्रवावी लागते.

ही फाईल कशी बघायची याचे मुद्दे गृह मंत्रालयानं ठरवलेले आहेत आणि ते 2014च्या शत्रुघ्न चौहान निकालात वाचायला मिळतात. आरोपीचं वय, लिंग, मानसिक अवस्था. चिथावणी होती का. वरच्या कोर्टानं पुराव्याबद्दल शंका व्यक्त केली होती का. नवा पुरावा आहे का. हायकोर्टानं सुटका फिरवून शिक्षा दिली का. न्यायाधीशांत मतभेद होते का. टोळीनं केलेल्या खुनात कुणाचा वाटा किती. तपासात आणि खटल्यात फार उशीर झाला का. यादी नीट वाच. तुरुंगात गेल्यानंतर माणूस बदलला का, हा स्वतंत्र मुद्दा तिच्यात दिसत नाही. दयेच्या अर्जात वकील पानंच्या पानं सुधारणेवर खर्च करतात आणि ज्या टेबलावर तो जातो तिथं त्यासाठी रकानाच नाही. तुझ्या परीक्षेत हे येणार नाही, पण लक्षात ठेव.

या टप्प्यावर प्रत्यक्षात फाशी टळते ती बऱ्याचदा उशिरामुळे. माझ्या गावचं उदाहरण देते. मुलं पळवून, चोरीसाठी वापरून, नंतर मारून टाकणाऱ्या त्या दोघी गावित बहिणी. त्यांच्या आईला 1996 साली पकडलं, तीही त्यातच होती आणि ती खटला चालण्याआधीच वारली. कोल्हापुरात त्यांचं नाव अजून आया पोरांना भीती घालायला वापरतात. 2006 साली सर्वोच्च न्यायालयानं फाशी कायम केली. दयेचा अर्ज राष्ट्रपतींनी फेटाळला तो 2014 साली. जवळपास आठ वर्षं फाईल या खात्यातून त्या खात्यात. 18 जानेवारी 2022 रोजी मुंबई हायकोर्टानं याच दिरंगाईवर बोट ठेवून फाशी जन्मठेपेवर आणली, आणि गुन्हा किती अमानुष होता तेही त्याच निकालात लिहिलं. त्यांनी सुटकाही मागितली होती. ती दिली नाही. तेव्हा मला कोल्हापूरहून फोन आले, ‘सोडलं की गं त्यांना!’ सोडलं नव्हतं. फाशी रद्द आणि सुटका यातला फरक मी त्या आठवड्यात बारा जणांना समजावला असेन.

याहून वाईट किस्सा बेळगावचा. तिथल्या तुरुंगातला एक कैदी 2007 साली आजारानं मेला. त्याची फाशी राष्ट्रपतींनी माफ केली 2012 साली. पाच वर्षं मेलेल्या माणसाचा अर्ज दिल्लीत जिवंत होता.

आता फौजदारी खटले कसे चालवायचे याचा नवा कायदा, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, आली आहे, 1 जुलै 2024 पासून. तिचं कलम 472 बघ. शिक्षा अखेर कायम झाल्याचं अधीक्षकानं कळवल्यापासून तीस दिवसांत राज्यपालांकडे अर्ज, तिथं फेटाळला तर साठ दिवसांत राष्ट्रपतींकडे. राष्ट्रपतींच्या निर्णयाला कुठंही आव्हान नाही, असंही लिहून ठेवलंय. ते सर्वोच्च न्यायालय कितपत मानेल ते बघायचं. घाई चांगली की वाईट? मी दोन्हीकडून ओढली जाते. रोज दोराची वाट बघत आठ वर्षं बसवणं हा छळ आहे, तो थांबायलाच हवा. पण माणूस बदलायला वेळ लागतो आणि तो वेळ आजवर या सरकारी आळसानंच मिळवून दिला होता. राठी हत्याकांडातल्या आरोपीचं बघ. पुण्यात 26 ऑगस्ट 1994 रोजी सात जणांचे खून, त्यात दोन लहान मुलं आणि एक गरोदर बाई. सर्वोच्च न्यायालयानं 2000 साली फाशी कायम केली. तो आत शिकत राहिला, एम.ए. झाला. आणि 2023 साली, अठ्ठावीस वर्षांनी, राजस्थानातल्या एका शाळेच्या रजिस्टरवरून सिद्ध झालं की गुन्ह्याच्या वेळी त्याचं वय बारा होतं. बारा! 2001 सालीच सगळं चटचट उरकलं असतं तर ते रजिस्टर शाळेच्या कपाटातच राहिलं असतं.

अभ्यास नीट कर. आणि ‘मृत्यूदंड’ हा शब्द पेपरात लिही, पण अशिलाशी बोलताना फाशी म्हण.

असल्या लोकांना आयुष्यभर बसवून जेवू घालायचं, ते आमच्या टॅक्सच्या पैशातून का?
– नाव नाही, घाटकोपर

‘बसवून’ हा शब्द तुमचाच खरा ठरतोय बघा. फाशीची शिक्षा झालेल्याला तुरुंगात काम देत नाहीत, कारण त्याला सक्तमजुरी झालेली नसते. फाशी जन्मठेपेवर आली की तो सुतारकामाला, विणकामाला, शेतीला जातो. म्हणजे तुमच्या टॅक्सची काळजी असेल, तर तुम्ही माझ्या बाजूनं यायला हवं.

बाकी, 2000 सालानंतर देशभरात आठ जणांना फाशी झाली, त्यातल्या दोन महाराष्ट्रात: 2012 साली कसाबला येरवड्यात आणि मेमनला नागपुरात. आठ जणांच्या भाजी-भाकरीवर अर्थसंकल्प अडला होता, असं मला तरी वाटत नाही.

ताई, माझ्या मोठ्या भावाला 2013 साली मारलं. मारणाऱ्याला फाशी झाली, हायकोर्टानं कायम केली, आता दिल्लीत आहे. तुमच्या लेखात वाचलं की कुणी तुरुंगात बी.ए. झाला. आमच्या गावात पण कुणीतरी सांगत आलं की तोसुद्धा आत शिकतोय. दादा बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होता. त्याचा शेवटचा पेपर राहिला. आम्हाला कुणी विचारणार आहे का, का नाहीच?
– जिल्हा परभणी

तुमचं पत्र मी तीन दिवस टेबलावर ठेवलं होतं. दोनदा उत्तर लिहिलं आणि फाडलं.

वर सांगलीच्या भाऊंना मी जे लिहिलं, ते तुम्हाला पटवायचा प्रयत्न करणार नाही. तुम्ही त्याला माफ करावं असं कायदा मागत नाही, मी तर नाहीच नाही. फाशी जन्मठेपेवर आली तर ती तुमच्या वतीनं दिलेली माफी नसते. निकालाच्या कागदावर ‘विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ असं असतं. गुन्हा राज्याविरुद्ध, शिक्षा राज्याची, दया राज्याची. यात तुमच्या दादाचं नाव येतं ते ‘मयत’ म्हणून. हे मला कायम खुपलं आहे आणि मी तर नेहमी पलीकडच्या बाजूला उभी असायचे.

एक प्रसंग सांगते. ज्या अशिलाच्या कवितांबद्दल वर लिहिलं, त्याच्या अपिलाच्या तारखेला हायकोर्टाच्या व्हरांड्यात बाकावर एक बाई बसल्या होत्या. मांडीवर स्टीलचा डबा, पिशवीत गुंडाळलेला. मारलेल्या मुलाची आई. मला त्या तारखांना बघून ओळखायला लागल्या होत्या. जवळ सरकल्या आणि म्हणाल्या, ‘‘तुम्ही त्याच्या वकील ना?’’ मी हो म्हटलं. मला वाटलं आता शिव्या देतील, द्यायला हव्या होत्या. त्यांनी विचारलं, ‘‘रात्री झोपतो का तो?’’

मला उत्तर माहीत होतं. झोपत नव्हता. दिवा बंद केला की ओरडायचा, म्हणून दिवा चालू ठेवायचे. पण अशिलाचं बाहेर बोलायचं नाही, हा आमचा धर्म. मी म्हटलं, ‘‘मला सांगता येणार नाही, ताई.’’ त्यांनी मान डोलवली, डबा पिशवीत नीट केला. पुढच्या तारखेला आल्या नाहीत. निकालाच्या दिवशीही नाहीत. त्या उत्तरानं त्यांना काही मिळालं असतं की आणखी काही गेलं असतं, मला आजही ठरवता येत नाही. पण त्यांना विचारायला माझ्याशिवाय कुणी नव्हतं, हे खरं. आरोपीच्या वकिलाला विचारावं लागलं.

तुम्हाला कुणी विचारणार का? आपण होऊन कुणी नाही. म्हणून तुम्ही विचारायचं. तीन गोष्टी करता येतील. सर्वोच्च न्यायालयातल्या अपिलात राज्याच्या वकिलाला मदत म्हणून तुमचा वकील उभा राहू शकतो, परवानगीनं. वकील परवडत नसेल तर विधी सेवा समितीकडे अर्ज करा, ती समिती फक्त आरोपींसाठी नाही. दयेच्या अर्जाची वेळ आली तर तुम्ही राज्यपालांना आणि राष्ट्रपतींना साध्या कागदावर लिहू शकता. दादाचं शेवटचं वर्ष, राहिलेला पेपर, सगळं लिहा. माझ्या विरोधात लिहिलंत तरी लिहा. पत्र फाईलला लागतं. पोहोच घेऊन पाठवा.

तिसरी गोष्ट भरपाईची. पीडितांच्या कुटुंबाला भरपाईची तरतूद 2009 पासून कायद्यात आहे, पण ती कुणी घरी आणून देत नाही आणि पुष्कळांना तर माहीतच नसते. परभणीच्या जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय आहे, तिथं जा. बरोबर एफआयआरची प्रत, मृत्यूचा दाखला, सत्र न्यायालयाच्या निकालाची प्रत, आईचं किंवा तुमचं आधार कार्ड आणि बँकेचं पासबुक घ्या. ‘मुदत संपली’ असं सांगून कुणी परत पाठवलं तर तोंडी ऐकून येऊ नका. अर्ज द्या, उशीर माफ करण्याची विनंती त्यातच करा आणि नकार लेखी मागा. लेखी मिळाला की मला पाठवा, मासिकाच्या पत्त्यावर, पाकिटावर ‘परभणी’ एवढंच लिहा.